मामाच्या पायाची पट्टी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला एक ढाल मिळाली होती. लाकडी पाटीवर बसवलेली, पितळी. लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याच्या पहिल्या विज्ञान प्रदर्शनातलं ते पहिलं बक्षीस होतं. ती ढाल मला एका माणसाच्या पायातल्या पुवाबद्दल मिळाली. त्या पायाची जखम माझ्या वडिलांनी केली होती, आणि वडिलांचा हात ज्या शब्दावर पडला तो शब्द माझा होता.

वर्षानुवर्षं हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आमचं गाव देवणीच्या जवळ. देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात होती. या भागातली गुरं देवणी म्हणूनच ओळखली जातात आणि त्यांच्यात तीन प्रकार मानतात. अख्खा पांढरा तो बालंक्या, काळ्या ठिपक्यांचा तो शेवरा, आणि अंग पांढरं पण तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या तो वानेरा. आमच्या दारात वानेरा वळू होता. आजूबाजूच्या गावांतून लोक माजावर आलेली गाय घेऊन आमच्याकडे येत. वडील कपाळाला भस्म लावून ओट्यावर बसत आणि गाय आणणाऱ्याला आधी तिच्या आईचं तोंड कसं होतं ते विचारत. मगच वळू सोडत. "माणसाची जात येखाद्या वक्ताला लपंल," ते म्हणत, "जनावराची तोंडावर लिव्हलेली असती."

वडिलांच्या हाताला कुणी अडवत नसे. आई, मी, बैल, ज्याची पाठ समोर येईल त्याची. मी नऊ वर्षांचा असताना, आधीच्या मोठ्या दुष्काळात, डोक्यावरची भरलेली घागर माझ्याकडून दारात फुटली. त्यांनी बैलाचा कासरा दुहेरी करून मला मारायला सुरुवात केली. चौथा की पाचवा फटका बसला तेव्हा आमचा सालगडी धावत आला आणि माझ्यावर पालथा पडला. पुढचे सगळे फटके त्याच्या पाठीवर पडले. वडील दमले तेव्हा तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "मालक, घागर फुटली ती फुटली, कासरा कामून तोडून राहिलेत? नवा मलाच वळावा लागतो."

वडीलसुद्धा हसले होते.

हा सालगडी म्हणजे मामा. नात्यानं कुणी नव्हता, पण आईनं आम्हाला तसं म्हणायला शिकवलं होतं. वळूजवळ जाण्याची छाती त्याच्याशिवाय कुणाला नव्हती.

जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी पाऊस पुन्हा गेला. त्याआधीच्या उन्हाळ्यातच आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता. आमची सगळ्यात चांगली गाय, तीही वानेरी, ज्येष्ठात आमच्याच वळूकडून फळवली आणि लगेच मामाबरोबर मांजरा नदीकाठी आत्याच्या गावाला चाऱ्यासाठी पाठवली. मामा दोन महिने तिथंच राहिला. भादव्यात गाय परत आली ती गाभण होती. वडिलांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की नव्या जिल्ह्याचं जनावरांचं प्रदर्शन भरलं की ही गाय, वळू आणि त्यांचं वासरू, तिघांना एका दाव्याला बांधून लातूरला नेणार.

होळीला मी गावी आलो. गाय आदल्याच दिवशी व्याली होती. गोठ्यासमोर माणसं जमली होती. वासरू उभं राहायला धडपडत होतं. ते तांबडं होतं. गेरू फासल्यासारखं, कानापासून शेपटीपर्यंत.

आत्याच्या गावात एक लाल कंधारी वळू होता. नांदेडकडची ती जात, अंगानं तांबडी. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणाला लावली?" वडिलांनी विचारलं.

"आपल्याच वळूची हाय, मालक," मामा म्हणाला. "तिथं तिनं माज केलाच न्हाई. मी दाव्यावरच ठेवली व्हती."

"दाव्यावर ठेवली, अन् तांबडं आभाळातून पडलं?"

"निघतंय मालक कवाकवा."

"काय निघतंय?"

वडिलांनी बाजूला पडलेल्या जुवातली शिवळ ओढून काढली. बैलाच्या मानेलगत जुवात घालतात तो हातभर लांबीचा बाभळीचा दांडा. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू तेच शिकून राहिला न्हवं कालिजात? सांग सगळ्यांम्होरं. दोन वानेऱ्यांच्या पोटी तांबडं होतंय?"

मला उत्तर येत होतं. दिवाळीच्या आधीच वर्गात शिकवून झालं होतं. आईकडून एक आणि बापाकडून एक असे गुण जोडीनं येतात, त्यातला एक दबून राहतो, पिढ्यान्‌पिढ्या दिसत नाही, आणि दोन दबलेले एकत्र आले की बाहेर पडतो. वाटाण्यांचं उदाहरण मी वहीत आकृती काढून सोडवलं होतं. तांबडा रंग आमच्या गायीत दबलेला असणार आणि आमच्या वळूतही. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं.

पण 'होतंय' म्हणणं म्हणजे त्या वळूच्या रक्तात तांबडं आहे असं वडिलांना गावासमोर सांगणं. शिवळ त्यांच्या हातात होती आणि ते माझ्याकडे बघत होते. आणखी एक गोष्ट होती, क्षुल्लक, पण लिहायलाच हवी. त्याच दिवशी सकाळी मला बैल जुंपता येईना तेव्हा मामा चार पोरांदेखत म्हणाला होता, "मास्तर, त्येला पुस्तक दाखवा, मग मान देतंय." पोरं खिदळली होती. ते हसू माझ्या डोक्यात होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "होत न्हाई."

पहिला घाव मांडीवर बसला. दुसरा गुडघ्याखाली, आणि तो आवाज वेगळा होता. मामा खाली बसला. वडील थांबले नाहीत. तिसरा, चौथा, पाचवा त्याच जागी. शिवळीच्या टोकाला लोखंडी कडं होतं, त्यानं कातडं फाटलं आणि आत पांढरं दिसलं. मामा ओरडत नव्हता. हातांनी पाय झाकायचा प्रयत्न करत होता, तर दोन बोटं मोडली. गायीनं दावं तोडायला सुरुवात केली. शेवटी आई घरातून आली आणि तिनं शिवळ धरली. वडिलांनी तिला ढकललं तशी ती उखळावर पडली. तिच्या कपाळातून रक्त आलं तेव्हा ते थांबले. इतकी माणसं होती. कुणी पुढं आलं नाही. मीही नाही. मामा माझ्यावर पालथा पडला होता हे मला त्या वेळी आठवलं का? आठवलं. मी जागचा हललो नाही.

उदगीरच्या दवाखान्यात केसपेपरवर 'बैलानं तुडवलं' असं लिहिलं गेलं. मामानंच तसं सांगितलं. जखम चिघळली तेव्हा त्याला लातूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. मी लातूरला खोली करून राहत होतो, म्हणून वडिलांनी मला हुकूम केला, "रोज डबा देत जा. अन् त्येच्या तोंडाकडं ध्यान ठेव."

आमचे प्राणिशास्त्राचे सर नांदेडचे होते. दर सोमवारी पहाटेच्या एसटीनं येत आणि धुळीनं माखलेल्या शर्टातच वर्गावर उभे राहत. त्या आठवड्यात त्यांनी जनुकं कशाची बनलेली असतात, हे माणसाला कसं कळलं, ते शिकवायला घेतलं. ते शिकवायचे खाटकाच्या दुकानाबाहेर उभं राहून बोलल्यासारखं.

"ऐका," ते म्हणाले, "न्यूमोनियाचे जंतू दोन तऱ्हेचे. एकाच्या अंगावर गुळगुळीत आवरण, तो उंदराला मारतो. दुसरा उघडा, तो मारत नाही. आता मारणाऱ्याला उकळून मारला आणि टोचला. उंदीर जगला. मग ह्या मेलेल्या मारेकऱ्यात तो जिवंत, गरीब जंतू मिसळला आणि टोचला. काय झालं?"

"जगला," कुणीतरी म्हणालं.

"मेला! आणि त्याच्या रक्तात आवरणवाले जंतू जिवंत सापडले. त्यांची पिल्लंही आवरणवाली. म्हणजे मेलेल्यानं जिवंताला काहीतरी देऊन ठेवलं. काय दिलं?"

सर फळ्याकडे वळले.

"तेच शोधायला पुढं कितीतरी वर्षं गेली. दुसऱ्या लोकांनी त्या मेलेल्या जंतूंचा अर्क काढला आणि त्यातली एकेक वस्तू मारून बघितली. प्रथिनं मारली, तरी गुण जातच होता. आरएनए मारला, तरी जात होता. डीएनए मारला, आणि थांबलं. तरी लोकांना पटेना. एवढी साधी, चार अक्षरांची वस्तू, ती काय गुण नेणार? सगळ्यांचा भरवसा प्रथिनांवर. मग आणखी काही वर्षांनी जंतूला खाणारा विषाणू घेतला. त्याच्या प्रथिनाला एक खूण केली, डीएनएला दुसरी. विषाणू जंतूला चिकटले की प्राचार्यांच्या घरी कूट करायला आहे तसल्या मिक्सरमध्ये घालून गरगर फिरवले. बाहेरची टरफलं सुटली. आत काय गेलं होतं? डीएनए."

मग त्यांनी खडू ठेवला आणि सहज बोलल्यासारखं सांगितलं की ही वस्तू पहिल्यांदा सापडली ती या सगळ्याच्या कितीतरी आधी, आणि कुठं, तर दवाखान्यातल्या पुवानं भरलेल्या पट्ट्यांत. एका तरुण संशोधकाला पेशी हव्या होत्या. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशीच. तो जखमांवरच्या पट्ट्या गोळा करून आणायचा, धुवायचा, आणि पेशींच्या पोटातल्या केंद्रातून त्यानं ती वस्तू काढली. तिचं काम काय ते त्याला पुरतं कळलं नाही. "पुवाला तार सुटते ना," सर म्हणाले, "ती तार बहुतेक हीच."

संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो. ड्रेसिंग करणारा मामाची पट्टी सोडत होता. वास इतका होता की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तोंड फिरवून बसला. पट्टी सुटताना जखमेपासून तिच्यापर्यंत पिवळट तार लोंबली आणि तुटली.

विज्ञान प्रदर्शन पाडव्यानंतर भरणार होतं. बाकीची मुलं पवनचक्की आणि ज्वालामुखी करत होती.

ड्रेसिंगवाला पट्टी बादलीत टाकणार तोच मी म्हणालो, "मला द्या." तो हसला. "न्या की. पूजा घालता का?"

मामानं डोळे उघडले. ताप होता. "धाकले मालक, काय करायचं तिचं?"

"कॉलेजात तपासायची आहे."

"माझी?" तो उशीवरून जरा वर सरकला. मोडलेली दोन बोटं फळीला बांधलेली होती, त्याच हातानं त्यानं माझं मनगट धरलं. "तपासून पाय वाचंल?"

हे लिहिताना मला ते मनगट अजून गरम वाटतं.

"हाव," मी म्हणालो. "वाचंल."

"मग न्या. रोज न्या." आणि मग, त्या तापातही, "माझ्या पायात सोनं निघालं तर निम्मं माझं हाय बरं का, मास्तर."

रोज संध्याकाळी मी जामच्या काचेच्या बरणीत पट्ट्या घेऊन खोलीवर यायचो. मिठाच्या पाण्यात भिजवायच्या, पिळायच्या, मलमलीतून गाळायच्या. गाळलेल्या पाण्यात कपडे धुवायच्या पावडरीच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की ते अंड्यातल्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं चिकट, जाड व्हायचं. मग बर्फात गार केलेलं स्पिरिट नळीच्या कडेनं हळू सोडायचं. गावाकडं प्यायला पाणी नव्हतं आणि मी बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणत होतो. पहिले तीन दिवस नुसता गढूळपणा आला. चौथ्या दिवशी दोन थरांच्या मध्ये पांढरा धूर दिसला, आणि मी काचेची कांडी फिरवली तशी तिच्याभोवती दोऱ्यासारखं काहीतरी गुंडाळलं गेलं. मी ते उजेडात धरलं. नाचलो मी. खरंच खोलीत एकटा नाचलो.

त्याच आठवड्यात तरुण डॉक्टरांनी मला व्हरांड्यात गाठलं. हाड सडायला लागलंय, ते म्हणाले, गुडघ्याखाली कापला तर माणूस वाचेल आणि गुडघाही राहील, काठीच्या आधारानं चालेल. "पण तो संमतीच्या कागदावर अंगठाच द्यायला तयार नाही. तुमचंच ऐकेल. समजवा त्याला आजच."

प्रदर्शनाला पाच दिवस होते. चांगला, लांब धागा अजून मिळाला नव्हता. ताज्या पट्ट्या हव्या होत्या.

"बघतो," मी म्हणालो. आत जाऊन मी मामाला डबा दिला, पट्टी घेतली आणि निघालो. तो अंगठा का देत नाही हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

प्रदर्शन एका शाळेच्या मैदानावर झालं. फलकावरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून त्यावर 'जि. लातूर' रंगवलं होतं आणि जुनी अक्षरं खालून दिसत होती. माझ्या टेबलावर तीन नळ्या होत्या आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वारसा ज्या धाग्यात असतो तो हा धागा.' मोठे साहेब आले. एकानं नाकाला रुमाल लावत विचारलं, "हे कशातून काढलं?"

"पुवातून, सर. दवाखान्यातल्या पट्ट्यांतून."

"कुणाच्या?"

"दवाखान्यातल्या," मी म्हणालो.

"वा! टाकाऊतून टिकाऊ," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

वडील आले होते. पांढरा शुभ्र फेटा बांधून. मला ढाल मिळाली तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला तो मारायला नव्हे. मी त्या हाताखाली उभा राहिलो आणि मला बरं वाटलं. तेही खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं दवाखान्यात गेलो. मामा खाटेवर नव्हता. रात्रीतून सडणं वर चढलं, शुद्ध गेली, मग अंगठ्याची वाट कोण बघतो. पाय मांडीच्या मध्यावरून कापला होता. तो शुद्धीवर येईपर्यंत मी थांबलो नाही. त्याची बायको नांदेडकडची होती. पुढं ती त्याला तिकडेच घेऊन गेली. वडिलांनी त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही आणि मी त्याला पुन्हा भेटलो नाही, तेहतीस वर्षं.

वर्षभरानं गावातल्याच एका घरी गाय व्याली. ती गाय कधी वेशीबाहेर गेली नव्हती आणि आमच्याच वळूकडून फळवलेली होती. वासरू तांबडं निघालं. वडील ते बघून आले. चार माणसं बोलावली, भर दुपारी वळूला दोरांनी पाडलं आणि त्याचे वृषण स्वतः बडवायला घेतले. हे काम करणारे असतात. ते लहान गोऱ्ह्याचं करतात आणि सावकाश करतात. वडिलांनी तयार, सात वर्षांच्या वळूचं केलं, खाली दगड आणि वर लाकूड, आणि थांबायचं तिथं थांबले नाहीत. वळूचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू येत होता. शेवटी आवाज यायचा बंद झाला तरी लाकडाचा येत होता. तीन दिवसांनी तो मेला.

त्या दुपारी हात धुताना त्यांनी मला विचारलं, "तू तर म्हणला व्हतास, होत न्हाई."

"पुस्तकात तसंच हाय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग तांब्या खाली ठेवला आणि आत गेले. मामाबद्दल ते मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

पुढं मी जीवशास्त्राचा मास्तर झालो. लातुरात क्लासेस वाढले तसा माझाही जम बसला. दरवर्षी तो धडा येतो. मी उंदीर सांगतो, उकळलेले जंतू सांगतो, मिक्सर सांगतो, मुलं हसतात. पट्ट्यांवर आलो की पान उलटतो.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्यानं मधल्या सुट्टीत बाटलीभर पाणी मित्राच्या डोक्यावर ओतलं. गंमत म्हणून. मी त्याच्या हातातली स्टीलची बाटली घेतली आणि तिनंच त्याला मारलं. कानावर. एकदा नाही. तो खाली बसला तरी माझा हात चालू होता, दोन शिक्षकांनी मला मागं ओढलं. कानातून रक्त येत होतं. त्याचे वडील आले ते माझीच माफी मागायला लागले, "सर, मारा, पण नाव काढू नका क्लासमधून."

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी मला पाणी दिलं. मी म्हणालो, "बापाचा हात आलाय माझ्यात. काय करणार, जीनमध्येच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. किती सोपं होतं ते. तेवढ्या एका वाक्यात मी वडिलांना, त्या धाग्याला आणि सगळ्या विज्ञानाला माझ्या बदल्यात उभं केलं. पण त्या दिवशी गोठ्यासमोर 'न्हाई' म्हणणारा बाप नव्हता. डॉक्टरला 'बघतो' म्हणणाराही बाप नव्हता. बापानं हाड मोडलं. पाय मी घालवला.

पुढच्या रविवारी मी नांदेडच्या एसटीत बसलो. मामाचा पत्ता गावातल्या एका बाईकडून काढला होता. गोदावरीच्या अलीकडे, मुलीच्या घरी. तो दारातच बसला होता, दाढी पांढरी, अंगानं वाळलेला. जनावरांची दावी वळत होता. उरलेल्या एका पायाच्या अंगठ्यात दोरीचं टोक अडकवलेलं आणि दोन्ही हातांनी पीळ देत होता. दोन बोटं वाकडीच राहिली होती. काखेतली कुबडी भिंतीला टेकवलेली.

"वळखलं का मामा?"

"बापाचंच तोंड हाय," तो म्हणाला. "वानेरं."

मी जमिनीवर बसलो. तांबड्या वासराचं सगळं सांगितलं. मला माहीत होतं तरी मी नाही म्हणालो, असं सांगितलं. तो दोरी वळतच राहिला.

"ते मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "पांढऱ्यात तांबडं निघतंय. माझ्या म्हाताऱ्यानं दोनदा बघितलं व्हतं. तुमाला पण ठावं असंल, हे तुमच्या तोंडावर दिसलं. भेला तुमी. मी बी भेलो असतो. त्यासाठी इतक्या लांब आलात व्हय?"

मला हलकं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

"पट्टी," तो म्हणाला.

"काय?"

"तुमी पट्ट्या न्यायचात. पाय वाचंल म्हणलात. डाक्टर रोज अंगठा मागायचा, मी म्हणायचो, न्हाई, आमच्या धाकल्या मालकानं तपासाया नेलंय, औषध निघून राहिलंय. बायको रडायची, अंगठा द्या म्हणायची. तिला बी मी शिव्या घातल्या. धा दिवस." त्यानं दोरी पायातून काढली. "तिथं काय निघालं?"

"धागा निघाला मामा. सगळ्यांच्याच अंगात असतो तसा."

"अन् पायाला?"

"पायाचं त्यात काहीच नव्हतं. मला बक्षीस मिळालं."

त्यानं दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. "धागा कुटं हाय तो?"

"प्रदर्शन झाल्यावर मोरीत ओतला."

त्यानं कुबडी कधी उचलली ते मला दिसलं नाही. पहिला घाव माझ्या गुडघ्याखाली नडगीवर बसला. दुसराही तिथंच. सत्तरीच्या माणसात इतका जोर असेल असं वाटत नव्हतं. मी हात मध्ये घातले नाहीत. तिसऱ्या वेळी मी कुशीवर पडलो आणि त्याची मुलगी घरातून ओरडत आली, "आबा! अवो आबा, कोण हायत ते? मारताय कामून?"

"धर," तो तिला म्हणाला, "मला धर." तिनं त्याला धरलं. कुबडी खाली पडली.

ती माझ्याकडे धावली. नडगी फुटली होती, पँटमधून रक्त येत होतं. तिनं आतून जुन्या धोतराची पट्टी फाडून आणली आणि मला काही न विचारता बांधायला लागली. मामा दुसरीकडे बघत होता.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "लांब जायचंय त्येला."

सोमवारी मी लंगडत वर्गावर गेलो. मुलांनी विचारलं, सर, काय झालं? मी खुर्ची ओढून बसलो. तो धडा दोन आठवड्यांपूर्वीच झाला होता. मी पुस्तक उघडलं, उलटलेलं पान परत मागं घेतलं, आणि मामाच्या पट्टीपासून सुरुवात केली. ज्याला मी मारलं होतं तो मुलगा कानात कापूस घालून तिसऱ्या बाकावर बसला होता. मी त्याच्याकडे बघून सांगत राहिलो.